शेजाऱ्यांची हरकत नाही

...लिहा ना. थांबलात का? 'शेजाऱ्यांची हरकत नाही' — एवढंच तर लिहायचंय. ऱ्हस्वदीर्घाची भानगड नाही त्यात, चुकाल अशी भीती नको — नाही हो, रागवत नाहीये, आयुष्य शाळेत मराठी शिकवण्यात गेलं, जीभ वळते तशी. बसा, उठू नका. तुम्ही विचारलंत ते मी नीट ऐकलंय. एरॉल शेजारी राहतो, त्याने पिस्तुलाच्या लायसन्ससाठी परत अर्ज केलाय, तुम्ही पोलीस स्टेशनातून चौकशीला आलात — माणूस कसा आहे, आजूबाजूला कुणाची तक्रार आहे का — आणि मी म्हटलं, माणूस चांगला आहे, देऊन टाका. यात न कळण्यासारखं काय आहे? ...अच्छा. कोपऱ्यावरच्या दुकानात सांगितलं वाटतं कुणीतरी. तरीच मघापासून भिंतीकडे बघताय. हो, तोच. जोनाथन. माझा मुलगा, एकुलता एक. हातात आहे ते ट्रम्पेट, चर्चमधल्या सणाच्या मिस्सेनंतर काढलेला फोटो आहे. एरॉलच्या पिस्तुलाने गेला. आणि तरी मी म्हणते देऊन टाका — म्हणजे बाईने पैसे तरी खाल्ले असतील नाहीतर तिच्या डोक्यावर परिणाम झाला असेल, असं वाटतंय ना तुम्हाला? दोन्ही नाही. तुम्ही आपलं लिहा.

घ्या, सुकेळी घ्या. आमच्याच वाडीतली आहे. राजेळी केळी उन्हात सुकवून करतात, तुमच्या गावाकडे नसेल हे. सातारा ना? बोलण्यावरून वाटलं मला. आणि आता फुलपाड्याला राहता — लांब पडतं हो ड्युटीला. छातीवर पट्टी आहे म्हणून नाव कळलं, श्रीपत. छान नाव आहे, हल्ली कुणी ठेवत नाही. मुलंबाळं? एक मुलगी. बरं आहे. खा, खा, लाच नाहीये ती, केळं आहे.

आता तुम्ही इकडे नवीन, म्हणून सांगते, म्हणजे तुमचा हात चालेल लिहायला. एरॉल आणि माझे मिस्टर गॉडफ्रे एकाच बावखलात पोहायला शिकले. गोड्या पाण्याचं तळं होतं ते दोन वाड्यांच्या मध्ये. त्यावर भराव टाकून आता एरॉलचा तो पिवळा बंगला उभा आहे, खांबांचा, तुम्ही आधी गेलात तो. एरॉलने वाडी विकली, सातिवलीला गाळे घेतले, भाड्याने दिले, आणि भाडं वसूल करायला फिरतो म्हणून जिवाला धोका आहे असं सांगून पिस्तूल घेतलं. धोका कुणाचा हो? त्याच्या गाळ्यात प्लास्टिकचे डबे पॅक करणाऱ्या पोरींचा? पण मिळालं लायसन्स. कमरेला लावून चर्चमध्ये यायचा, शेवटी फादरांनी एकदा बाजूला घेऊन सांगितलं तेव्हा थांबला. आमच्याकडे सणाला जेवायला आला की काढून टेबलावर ठेवायचा, ताटाशेजारी. गॉडफ्रे म्हणायचे, "एरॉल, ते आत ठेव रे, जेवणावर माशी बसल्यासारखं वाटतं." तो हसायचा. म्हणायचा, "गॉडफ्रे, तू अजून वाडीतच राहिलास." आणि पोरं बघत बसायची — आमचा जोनाथन आणि त्याचा स्टॅनी, एकाच बाकावरचे दोघं, लहान होते तेव्हापासून. स्टॅनी कधी हात लावायचा नाही. एरॉल म्हणायचा, "धर की. बायल्यासारखं काय करतोस." मुलगा हात मागे घ्यायचा. हे मला आत्ता आठवतंय असं नाही, हे मला रोज आठवतं.

जोनाथन गेला ते लग्न स्टॅनीचंच. सकाळी चर्चमध्ये झालं, संध्याकाळी वरात निघाली हॉलकडे — आमच्याकडे ब्रास बँड लागतो, डीजे नाही चालत. जोनाथन बँकेत होता अंधेरीला, चांगली नोकरी होती, पण गावच्या बँडमध्ये वाजवायचा हौसेने, आणि हे तर स्टॅनीचं लग्न. पांढरा शर्ट मी इस्त्री करून दिला होता, तर म्हणाला, "आई, कॉलर कडक झालीय, फुंकताना टोचते." मी म्हटलं, टोचू दे, दिसतोस चांगला. उघडी जीप सजवलेली, त्यात नवरा-नवरी उभे, एरॉल शेजारी पायरीवर लटकलेला, प्यालेला — सगळेच प्यालेले होते हो, लग्नात कोण नसतं. मी पुढे होते बायकांच्या घोळक्यात. फटाके चाललेच होते. त्यात एक फट् झालं, कुणाचं लक्ष गेलं नाही. बँडसुद्धा लगेच थांबला नाही, ढोलवाला वाजवतच राहिला बिचारा, त्याला काय माहीत. मी मागे वळले ते ट्रम्पेट थांबलं म्हणून. एवढ्या गोंगाटात आपलं पोर कुठे वाजवतंय ते आईला कळतं — आणि कुठे वाजवत नाहीये तेही कळतं. तोवर लोकांनी रिंगण केलं होतं, मला कुणी आत सोडेना. मी ओरडत होते, अरे माझा आहे, माझा आहे तो. कॉलर... जाऊ दे. कॉलरचं सांगत नाही.

पाणी हवंय? नको? मला हवंय. थांबा.

हां. तर एरॉलने त्याच रात्री पोलिसांना सांगितलं: पिस्तूल माझ्या कमरेला होतं, नाचताना खाली पडलं आणि सुटलं. झालं. दुसऱ्या दिवसापासून अख्ख्या गावाने तेच बघितलेलं. प्रत्येकाच्या हातात मोबाईल होता साहेब, केक कापतानाचं शूटिंग आहे, जेवणाच्या रांगेचं आहे, कुणाची तरी आजी नाचली तिचंही आहे — आणि त्या दोन मिनिटांचं एकाकडेही नाही. मी फिरले ना घरोघर. "प्रिस्का, चुकून डिलीट झालं गं." सगळ्यांचं चुकून. कोर्टात केस उभी राहिली ती निष्काळजीपणाची. साक्षीदार येऊन सांगायचे, पडलं, सुटलं. आपणहून सुटलं. आणि हे कोण सांगत होतं माहितीये? मायकल. तो मायकल, ज्याने —

थांबा, ते आधी सांगायला हवं. गॉडफ्रे. जोनाथन गेल्याच्या चाळिसाव्या दिवसाची मिस्सा झाली आणि हा माणूस उठला. आधी कधी सभेत तोंड उघडलं नव्हतं, केळीशी बोलायचा तेवढंच. म्हणाला, मला एरॉलला फाशी नको प्रिस्का, मला गावात बंदूक नको. एवढंच. कुणालाही नको, लायसन्सची नको, बिनलायसन्सची नको. चर्चच्या हॉलमध्ये फादरांना सांगून बैठक बोलावली. लोक आले बरेच, लाजेने आले असतील. तर हा मायकल उठून म्हणतो, "अंकल, तुमचं दुःख आम्हाला समजतं, पण बंदूक काय आपणहून सुटते का? दोष माणसाचा. उद्या कुणी कोयत्याने मारलं तर कोयते बंद करायचे का? वाडी कशी करणार?" टाळ्या पडल्या हो. आलोशियस सर — माझ्याच शाळेतले — ते म्हणाले, बाहेरून कितीतरी वस्ती आली, चोऱ्या वाढल्या, म्हातारी माणसं एकेकटी राहतात बंगल्यात, जवळ काही नको का? आणि एक जण म्हणाला, लायसन्स बंद केलं की लोक कट्टे घेणार, देशी, ते काय कमी मिळतात? गॉडफ्रे उभेच होते. म्हणाले, "कट्ट्याचं मला माहीत नाही. माझ्या पोराला लागली ती सरकारने शिक्का मारून दिलेली होती." बस, तेवढंच बोलले. मग चहा झाला. आणि तोच मायकल, पुढच्या वर्षी कोर्टात, बायबलवर हात ठेवून — पिस्तूल आपणहून सुटलं. हॉलमध्ये आपणहून सुटत नव्हतं, कोर्टात सुटलं.

तरी गॉडफ्रे फिरत राहिले. पालघरला कलेक्टर ऑफिसला जायचे, डबा घेऊन. तुमच्या स्टेशनलाही यायचे, तुमच्या आधीचे साहेब होते त्यांना विचारलं होतं त्यांनी — इलेक्शन आलं की तुम्ही सगळ्यांची पिस्तुलं जमा करून घेता, निकाल लागला की परत देता. ते का? साहेब म्हणाले, इलेक्शनला लोक तापतात, धोका असतो. गॉडफ्रे म्हणाले, आणि लग्नात? साहेबांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. चांगला माणूस होता. दारापर्यंत सोडायलाही आला. तुमच्याकडे आहे याचं उत्तर? नाही, मी तुम्हाला टोचत नाहीये श्रीपतराव, तुम्ही आपले पगारी. तुम्हाला तुमची स्वतःची बंदूकसुद्धा ड्युटी संपली की जमा करावी लागते ना? बघा. शिकलेल्या, कवायत केलेल्या माणसाला घरी न्यायची नाही, आणि एरॉलला उशाखाली.

निकाल लागला. निर्दोष. आठवडा गेला नसेल, गॉडफ्रे वाडीत केळीच्या घडाला टेकू लावत होते, खाली बसले ते बसलेच. डॉक्टर म्हणाला हार्ट. मला माहितीये काय ते. सेमेटरीत जोनाथनच्याच कबरीत ठेवलं त्यांना. एरॉल आला होता मातीला. काळा कोट. मूठभर माती टाकली आणि माझ्याकडे बघून म्हणतो, "वहिनी, देवाची मर्जी."

देवाची मर्जी!

...नाही, ठीक आहे मी. बघा, हे एवढं सगळं आणि तरी मी हरकत घेत नाहीये, म्हणजे ख्रिस्ती माणूस कसा असतो ते तुम्हाला कळलं असेल. क्षमा. फादरसुद्धा म्हणतात, प्रिस्का, तू उदाहरण आहेस. नाताळला एरॉल स्वतः केक घेऊन आला होता या दारात. बसला तिथे, तुमच्याच खुर्चीत. म्हणाला, वहिनी, झालं ते झालं, आता मी परत अर्ज करतोय, कमरेला नसलं की उघडं-उघडं वाटतं, भाडेकरू पण आवाज चढवायला लागलेत. पोलीस येतील विचारायला. तू दोन शब्द चांगले बोललीस ना, तर मग कुणाची हिंमत नाही आडवं यायची. बघा म्हणजे! दुसरं कुणी चालणार नव्हतं त्याला, माझेच शब्द हवे होते. मी म्हटलं, बोलीन. केक ठेवून घेतला. कुत्र्याला घातला नंतर.

कोण गं? ...अगं ये, ये मर्लिन, कुणी नाही, पोलिसातले साहेब आहेत, तुझ्या सासऱ्याच्याच कामाला आलेत. ही मर्लिन, साहेब, एरॉलची सून, स्टॅनीची बायको. आणि ही अँजेला — ये बाळा, सुकेळी घे, एक दादांना विचारून घे त्यांच्या ताटलीतली. अगं घे. ...काय आणलंस? बोंबील? कशाला गं, मी एकटी किती खाणार. ठेव ओट्यावर. बरं मर्लिन, ते माहेरी जायचं काय झालं? अगं एव्हरशाईनला तर जायचंय, रिक्षाने अर्धा तास, सामान काय लागतं? तुझी आई वाट बघतेय, मला फोनवर म्हणाली. पोरीला सुट्टी लागतेय, चांगली महिनाभर राहा. ...काय? नाही जात? का? मागच्या आठवड्यात तर ठरलं होतं आपलं! ...कोण म्हणालं? स्टॅनी म्हणाला जाऊ नकोस, पोरीला जवळ ठेव? ...अगं तो आज म्हणतो, उद्या पिऊन येतो... नाही? कधीपासून नाही? ...असं. तीन महिने... बरं. चांगलं आहे. चांगलं आहे गं, का नाही. पण तरी तू जा. त्याला एकटं राहू दे थोडं. पुरुषाला एकटं — हे बघ, माझं ऐक, अँजेलाला तरी पाठव. पोरीला पाठव आईकडे. या आठवड्यातच. ...मी कुठे ओरडतेय? मी ओरडत नाहीये. बरं, जा तू, साहेबांचं काम चाललंय. जा. अँजेला, चप्पल घाल नीट, उलटी घातलीस.

...गेली. चांगली मुलगी आहे. जीपमध्ये त्याच्या शेजारीच उभी होती ती त्या दिवशी, डोळ्यांवर जाळीचा पडदा, हातात फुलं. तिला मी दोषी धरत नाही. नवी नवरी, काय बोलणार होती.

काय म्हणालात? तिला माहेरी कशाला पाठवायचंय — असंच हो. पोर लहान आहे. हवापालट. ...या आठवड्यातच कशाला म्हणजे? तुम्ही पिस्तुलाची चौकशी करायला आलात की माझी? ...बघा, तुम्हाला वाटतंय काहीतरी, पण मी काय राक्षस आहे का? त्या दोघींचा काय दोष आहे? पोरीने कशाला बघायचं ते? म्हणून तर म्हणते ना, त्या दोघी घरात नसताना जे व्हायचं ते —

...काही नाही. काही नाही म्हटलं ना. लिहा तुम्ही. पेन का ठेवलंत खाली?

श्रीपतराव, तुम्हाला एक विचारते. जमिनीवर पडून सुटलेली गोळी कुठून कुठे जाते? खालून वर, बरोबर? जोनाथनला इथे लागली होती, मानेला, वरून. वरून खाली. मी पोराला न्हाऊ घातलंय, मला कुणी शिकवायला नको. तेव्हाच कळलं होतं की पडलंबिडलं काही नाही, कुणीतरी उभ्याने मारली. मी धरून चालले, एरॉलने मारली. वर्षं काढली मी तसं धरून. गॉडफ्रे तसंच धरून गेले. आणि ते गेल्यावर एक दिवस दुपारी हा ओट्यावर येऊन बसला. स्टॅनी. एअरपोर्टची नोकरी गेलेली, दाढी वाढलेली, तोंडाला वास. मग म्हणाला, "आंटी, डॅडीने नाही मारली. मी मारली."

लग्नाची जीप, बँड, गर्दी, आणि बाप पायरीवरून हातात पिस्तूल देतोय — "धर, नवरदेव! वर करून मार एक! आज तरी मर्दासारखा वाग!" हा नको म्हणतोय, लोक ओरडतायत मार मार, शिट्ट्या. जोनाथन बँडमधून वळून, त्याच्याकडे तोंड करून, उलटा चालत वाजवतोय, डोळे मिचकावतोय मित्राला. याने हातात घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा घेतलं हो. कुणीतरी खालून बाही ओढली, नाच रे म्हणून, आणि हात वर जायच्या आधीच... हे सगळं त्याने इथे बसून सांगितलं, कपाळ भिंतीवर आपटत. म्हणाला, बापाने हातातून काढून घेतलं आणि कानात म्हणाला, तू गप्प, तुला काही माहीत नाही, मी बघतो. आणि बघितलं त्याने. गावालाही बघायला लावलं.

मी काय केलं? मी चहा ठेवला. खरंच. चहा केला, त्याला दिला, त्याने घेतला. दुसऱ्या दिवशी परत आला. तेव्हापासून रोज येतो. गॉडफ्रेंची वाडी तोच करतो आता, आळी काढतो, पाणी सोडतो — आत्ताही मागे आहे, पंपाचा आवाज येतोय ना, तोच. लोकांना वाटतं बाईने दुसरा मुलगा मानला. फादरांना वाटतं क्षमा केली. तो रोज जाताना या दारात उभा राहतो आणि माझ्या तोंडाकडे बघतो. त्याला काय हवंय ते मला माहितीये. एक शब्द हवाय. 'माफ केलं स्टॅनी', एवढं म्हणायला किती वेळ लागतो? मी म्हणते, "उद्या लवकर ये, कुंपण बघायचंय." बस. चर्चमध्ये 'स्वर्गातील बापा' म्हणताना ती अपराध्यांना क्षमा करायची ओळ येते ना, तिथे मी तोंड मिटून घेते, आणि पुढच्या ओळीला परत उघडते. खोटं मी देवाशी बोलत नाही.

आणि नाताळला, बाप केक घेऊन येऊन गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी, स्टॅनी आला. पांढरा पडलेला. म्हणाला, "आंटी, डॅडी परत आणतोय ते. तुम्ही नाही म्हणा. तुम्ही नाही म्हटलं तर मिळणार नाही त्याला. आंटी, ती वस्तू परत घरात आली ना, तर मी एक दिवससुद्धा राहणार नाही." मी म्हटलं, कुठे जाणार आहेस? तो म्हणाला, जोनाथनकडे.

मी म्हटलं, चहा थंड होतोय.

असं बघू नका माझ्याकडे. एरॉल मेला तर मला काय मिळणार? म्हातारा माणूस, आज ना उद्या मरेलच, बँड लावून पुरतील. मला एरॉल जिवंत हवाय. मला तो त्या सेमेटरीत उभा हवाय, स्वतःच्या पोराच्या पेटीसमोर, आणि मी जाणार आहे, काळी साडी नेसून जाणार आहे, आणि मूठभर माती टाकून त्याला म्हणणार आहे, "एरॉल, देवाची मर्जी." मग माझं काम संपलं. हे एवढ्यासाठी मी जगतेय साहेब, तुम्हाला वाटतं सुकेळी करायला जगतेय?

गुन्हा? कसला गुन्हा? कलम सांगा ना मला! मी काय केलं? शेजाऱ्याबद्दल चार चांगले शब्द बोलले. लायसन्स तुम्ही देणार, पिस्तूल दुकानदार विकणार, गोळ्या मोजून घ्यायची परवानगी तुमचीच, आणि उशाखाली ठेवणार तो. मी कुठे आहे यात? मी फक्त नको म्हटलं नाही. त्या दिवशी वरातीत सगळं गाव होतं, कोण म्हणालं नको? एक जण? त्यांना कुठलं कलम लावलंत?

...लेखी? काय लेखी द्यायचंय — की गोळी स्टॅनीने मारली, पिस्तूल बापाने हातात दिलं? केस परत उघडेल म्हणता. उघडा, मी इथे बसून बघते. परत मायकल येईल, परत बायबलवर हात. नाही बाबा. कोर्ट झालं माझं. आणि तुम्ही हे कुठे बोललात तर मी म्हणेन, मी असलं काही सांगितलंच नाही, हवालदार स्वप्नात होता. कोण विश्वास ठेवेल तुमच्यावर? क्षमा केलेली बाई आहे मी, विचारा फादरांना.

...बरं तो दारू पीत नाही म्हणे आता. ऐकलंत ना, मर्लिन म्हणाली. मला बोलला नाही. रोज येतो आणि मला नाही सांगितलं. पोरीला जवळ ठेव म्हणाला. आता हे काय मध्येच. सुधारायचं होतं तर जोनाथन असताना — म्हणजे मला म्हणायचंय, माझ्या पोराला वेळ मिळाला का सुधारायला? त्याच्यात सुधारण्यासारखं काय होतं? कॉलर टोचते म्हणाला, एवढीच तक्रार केली त्याने शेवटी. आणि याला बायको आहे, पोर आहे, उलटी चप्पल घालणारं, आणि हा...

उठलात? सही राहिली ना माझी. कागद घेऊन कुठे — अहो, घडी काय घालताय, आणा तो इकडे, मी करते सही. श्रीपतराव. साहेब! तो खिशात का ठेवलात?

आणि तिकडे कुठे? गेट पुढे आहे. तो मागचा दरवाजा वाडीत जातो, तिकडे चिखल आहे, बूट भरतील तुमचे. ...नाही. त्याच्याशी बोलायचं नाही. ऐकताय का? त्याने मला सांगितलं, मला एकटीला, ते तुमचं नाही! इतकी वर्षं तो कुणाशी बोलला नाही, माझ्याशीच बोलतो तो, माझ्याच ओट्यावर येतो — तुम्ही कोण आलात मध्ये, काल बदली होऊन आलेले? काय सांगणार त्याला? दोष तुझा नव्हता म्हणून सांगणार? ते सांगायचं की नाही हे मी ठरवणार! मी! ...

पंप बंद केला त्याने. बघा, तुम्हाला बघून उभा राहिलाय.

जा. जा मग. बोला काय बोलायचंय ते. आणि त्याला सांगा — उद्यापासून माझ्या ओट्यावर येऊन बसायचं नाही म्हणावं.